स्पोर्टी गाडीचे हादरे कमी करायचे आहेत? स्प्रिंगला शेवटी हात लावा

साताऱ्यात स्पोर्टी गाडी घेणाऱ्यांची तक्रार साधारण एकाच वाटेने जाते. हायवेवर गाडी सुरेख वाटते. खंबाटकीच्या वळणांत ती झुकत नाही, ब्रेक दाबला तरी नाक खाली घालत नाही, ताशी शंभरलाही स्टिअरिंग हातात घट्ट राहतं. मग रोजचे रस्ते सुरू होतात. कोरेगाव रोडवरचे पॅच, गल्लीतले गतिरोधक, पावसाळ्यानंतरचा यवतेश्वर घाट. मागच्या सीटवरून आई म्हणते, "अरे, कंबर मोडशील माझी." आणि येत्या रविवारी गॅरेजमध्ये मागणी होते, "दादा, स्प्रिंग मऊ टाका, नाहीतर शॉकअप बदला."

या मागणीबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे, कारण तिच्यापायी अनेकांचे पैसे जातात आणि गाडी होती त्याहून वाईट होऊन बसते. हादरे कमी करता येतात, चांगले जाणवण्याइतके कमी करता येतात, आणि गाडी चालवण्याची मजाही बरीचशी टिकते. पण त्यासाठी आधी नेमका कोणता हादरा छळतोय ते ओळखावं लागतं, आणि मग टायरपासून सुरुवात करून वर सरकावं लागतं. स्प्रिंग त्या वाटेवर सगळ्यात शेवटी येते.

हादरा पाठीपर्यंत पोचतो कसा

रस्त्यावरचा उंचवटा आधी टायरला लागतो. तिथून चाक, रबरी बुश, स्प्रिंग आणि शॉकअप, वरचं माउंटिंग, गाडीचा सांगाडा, सीटचा फोम, आणि मग आपण. यातला प्रत्येक भाग हादऱ्याचा काही हिस्सा गिळतो आणि उरलेला पुढे पाठवतो. कोणता भाग काय गिळतो हे हादरा किती झपाट्याने येतो यावर ठरतं, आणि सगळा घोळ इथेच होतो.

स्प्रिंगवर उभी असलेली गाडी दाबून सोडली तर ती स्वतःच्या लयीत वरखाली होते. साध्या कौटुंबिक गाडीची लय सेकंदाला एक ते दीड हेलकाव्यांची, म्हणजे एक ते दीड हर्ट्झची असते. स्पोर्टी गाडीची दीड ते दोन हर्ट्झ. आकडे जवळजवळचे दिसतात, पण ही लय स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. १.२ हर्ट्झवरून १.८ वर जायचं तर स्प्रिंग सव्वादोन पट कडक करावी लागते. उलट्या बाजूनेही हिशोब तोच. स्प्रिंग वीस टक्के मऊ केली तरी लय जेमतेम दहा टक्क्यांनी मंदावते, आणि बसणाऱ्याला तो फरक कळेलच असं नाही.

आता शरीराकडे पाहू. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेच्या कंपनांचा सर्वाधिक त्रास होतो तो सेकंदाला ४ ते ८ कंपनांच्या पट्ट्यात. चालताना आपण सेकंदाला दोनेक पावलं टाकतो, त्यामुळे दीड-दोन हर्ट्झचा हेलकावा शरीराच्या सवयीचा असतो. चाक मात्र टायर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये अडकून सेकंदाला १० ते १५ वेळा थडथडतं. म्हणजे स्पोर्टी गाडीच्या कडक स्प्रिंगचा स्वतःचा हेलकावा पाठीला फार दुखावत नाही. दुखावतात ते त्याहून झपाट्याने येणारे, अणकुचीदार धक्के. ते रोखायचं काम टायर, बुश, शॉकअपच्या आतल्या झडपा आणि बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबलं की आपटणं अडवणारा लवचिक तुकडा) यांच्याकडे असतं. एवढी एक गोष्ट ध्यानात राहिली तर पुढचं सगळं सोपं आहे.

आधी हादरा ओळखा

यासाठी यंत्र लागत नाही. आपल्या भागातले रस्तेच पुरतात, फक्त चाचणी विचारपूर्वक घ्यायची. आणि तक्रार मागच्या सीटवरून येत असेल तर चालवायला दुसऱ्याला द्या आणि स्वतः मागे बसा. पुढच्या सीटवर बसून मागचा हादरा कळत नाही.

पहिली चाचणी ताशी २०-३० च्या वेगात, बारीक पण टोकदार गोष्टींवरून. पॅचची कड, पुलाचा सांधा, मॅनहोलचं झाकण, हायवेवर गाव येण्याआधी मारलेल्या जाड पांढऱ्या पट्ट्या. इथे प्रत्येक कड स्टिअरिंगमध्ये आणि सीटमध्ये वेगवेगळी टोचत असेल, तर संशय टायरवर, टायरमधल्या हवेवर आणि बुशवर. एवढ्या छोट्या आणि झटपट धक्क्यात स्प्रिंगला दबायला वेळच मिळत नाही.

दुसरी चाचणी गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे ताशी २५ ने गाडी सुखाने पार व्हावी. गावागावांत बांधलेले बरेचसे गतिरोधक याहून खूप अरुंद आणि टोकदार असतात, तो वेगळा आणि गंभीर विषय आहे. चाचणीपुरतं इतकंच बघायचं की आवाज कधी येतो. चढल्यावर गाडी दबते आणि शेवटाला 'धप्प' होत असेल तर ती बंप स्टॉपवर आपटतेय. उतरताना चाक खाली लटकून 'खट्' होत असेल तर शॉकअप पूर्ण उघडून टोकाला पोचतोय, किंवा माउंटिंग सैल आहे.

तिसरी चाचणी लांब लाटांची. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता वरून गुळगुळीत दिसला तरी लाटा धरतो, आणि हंगामात उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या त्या लाटा आणखी खोल करतात. अशा रस्त्यावर साठ-सत्तरने जाताना गाडी एकदा वर जाऊन खाली बसली पाहिजे. ती दोन-तीन हेलकावे खात असेल तर शॉकअप थकलाय. ती प्रत्येक लाटेबरोबर ताठपणे वर फेकली जात असेल आणि मान सारखी हलत असेल, तर मात्र स्प्रिंग किंवा शॉकअप खरोखर जास्त कडक आहे.

घाटात आणखी एक प्रकार भेटतो. एकच चाक खड्ड्यात जातं आणि डोकं खिडकीकडे झटक्याने फेकलं जातं. हे काम स्टॅबिलायझर बारचं. हा दांडा डाव्या-उजव्या चाकांना जोडतो आणि वळणात झुकणं कमी करतो. दोन्ही चाकं एकत्र वर गेली तर त्याचा काही परिणाम नसतो, पण एकच चाक हललं की तो ते दुसऱ्याशी बांधून ठेवतो. बाहेरून जाडजूड बार बसवलेला असेल तर कंपनीचा परत लावा. झुकणं थोडं वाढेल, घाटातली मान मात्र सुटेल.

हवा आणि टायर: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक

साध्या गाडीत चाकाच्या जागी मोजला तर स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला दोन-तीन किलोच्या आसपास असतो. टायरचा वीस किलोच्या आसपास. म्हणजे टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे, फक्त कितीतरी पटींनी कडक, आणि रस्त्याला पहिल्यांदा तीच भिडते. टोकदार कडेवर जे काही दबायचं ते टायरच दबतं. म्हणून तिथला थोडासा मऊपणा थेट पाठीला जाणवतो.

सुरुवात हवेपासून. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतं. त्यावर बहुधा दोन ओळी असतात: दोन-तीन माणसांसाठी एक दाब, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा. अनेक जण कधीकाळी महाबळेश्वरला पाच माणसं आणि सामान घेऊन जाताना भरलेला दाब पुढे वर्षभर तसाच ठेवतात. त्यात मागची सीट रिकामी असली की मागची स्प्रिंग हलक्या वजनाखाली आणखी कडक वागते, आणि मग एकटं मागे बसणाऱ्या माणसाचे हाल होतात.

दाब नेहमी थंड टायरवर, सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी मोजायचा. पंपापर्यंत चालवून नेली की टायर तापून दोन-चार पीएसआय सहज वाढतात. ऋतूचाही हिशोब असतो: तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआय चढतो. डिसेंबरच्या पहाटे भरलेली हवा एप्रिलच्या दुपारी सहज चार पीएसआय जास्त भरते. घरी एक चांगला गेज ठेवा. पंपावर काही सांगितलं नाही तर बहुतेक ठिकाणी सगळ्या गाड्यांना एकच आकडा भरतात, आणि तो तुमच्या गाडीचा असेलच असं नाही. ३८ वर धावणारा टायर स्टिकरवरच्या ३२ वर आणला तर तो ढोबळमानाने दहा-पंधरा टक्के मऊ होतो, एक रुपयाही न खर्चता. स्प्रिंगमध्ये एवढा फरक करायला काही हजार लागतात.

मात्र स्टिकरच्या खाली जाऊ नका. कमी हवेचा टायर जास्त दुमडतो, तापतो आणि लांबच्या प्रवासात फुटू शकतो. शिवाय खड्ड्यात रिमची कड टायरला चिमटीत पकडते. टायरच्या बाजूला फुगवटा येतो, अलॉयला पोचा पडतो. कमी उंचीच्या टायरला हा धोका आणखी जास्त.

नायट्रोजनबद्दल खूप जण विचारतात. आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दाबाचा आकडा तोच असेल तर नायट्रोजन भरून गाडी मऊ होत नाही.

आता टायरचा आकार. १९५/५५ आर १६ असं लिहिलेलं असतं त्यात १९५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ म्हणजे रुंदीच्या ५५ टक्के इतकी बाजूच्या भिंतीची उंची, आणि १६ इंचांचं रिम. भिंतीची उंची १०७ मिलिमीटर झाली. हौसेने सतराचे अलॉय टाकून २०५/४५ आर १७ लावले की भिंत ९२ मिलिमीटरवर येते. पंधरा मिलिमीटर रबर आणि हवा गेली, तिथे धातू आला. रस्ता आणि तुमच्यामधली सगळ्यात मऊ गोष्ट तुम्ही पैसे देऊन कमी केलीत. बाजारातले मोठे अलॉय बऱ्याचदा जडही असतात. जड चाक एकदा उसळलं की त्याला आवरायला शॉकअपला जास्त कष्ट पडतात, आणि ती थडथड आत येते.

उलट दिशेने गेलं तर? १८५/६५ आर १५ ची भिंत १२० मिलिमीटर, आणि पूर्ण चाकाचा व्यास १९५/५५ आर १६ च्या जवळजवळ बरोबरीचा: दोन्ही सुमारे ६२१ मिलिमीटर. म्हणून स्पीडोमीटर बिघडत नाही. मोठ्या स्पोर्टी सेडानमध्ये अशीच एक साखळी प्रसिद्ध आहे: २२५/४० आर १८, २२५/४५ आर १७ आणि २०५/५५ आर १६. व्यास ६३७, ६३४ आणि ६३२ मिलिमीटर, भिंती ९०, १०१ आणि ११३. अठरावरून सतरावर येणं हा मला सगळ्या उपायांत सर्वांत समाधानाचा वाटतो. स्टिअरिंगची धार थोडी बोथट होते, पण खराब रस्त्यावर चाक जमिनीला जास्त चिकटून राहतं, त्यामुळे आपल्या भागात तशी गाडी वेगानेही चांगली जाते.

लहान रिम घेण्याआधी तीन गोष्टी दुकानात तपासून घ्या. एक, ब्रेकचा कॅलिपर रिमच्या आत मोकळा बसतो का. वेगवान मॉडेलांना मोठे ब्रेक असतात आणि सोळा इंच रिम कधी कधी त्यावरून जातच नाही. दुसरी, रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते माप, मूळ चाकाएवढाच आहे का. तिसरी, टायरवरचा भारांक मूळपेक्षा कमी नाही ना. ८७ म्हणजे एका टायरवर ५४५ किलो, ९१ म्हणजे ६१५. तुमच्याच रिममध्ये टायर बदलायचा असेल तर 'एक्सएल' छाप गरजेशिवाय घेऊ नका. जास्त भारासाठी त्याची बांधणी भक्कम असते आणि तो बहुधा कडक लागतो. गाडीसोबतच एक्सएल आले असतील तर मात्र तेच घ्यावे लागतात.

रन-फ्लॅट टायर हा वेगळाच प्रकार. पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालता यावं म्हणून त्याच्या बाजूच्या भिंती जाड आणि ताठ केलेल्या असतात. काही महागड्या जर्मन गाड्यांचा कडकपणा निम्मा तिथेच असतो. साधे टायर लावले की गाडी बदलल्यासारखी वाटते. पण अशा गाडीत बहुतेक वेळा स्टेपनी नसते. त्यामुळे हवा भरायचा छोटा पंप आणि पंक्चर किट डिकीत हवंच, विशेषतः कास किंवा बामणोलीकडे जाणार असाल तर.

आणि टायरचं वय. बाजूवर शेवटी चार अंक असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. कमी चाललेली सेकंडहँड स्पोर्टी गाडी घेतली असेल तर हे आधी बघा.

गॅरेजमध्ये काय तपासायचं, आणि एक बोल्ट

टायर निस्तरल्यावरही टकटक राहिली तर झिजलेले भाग शोधायचे. लिंक रॉड, लोअर आर्मचे (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, बॉल जॉइंट, स्ट्रटच्या वरचं माउंटिंग. रबर फाटलं की धातू धातूला भिडतो आणि ज्याला आपण कडक राइड म्हणतो ती खरं तर खिळखिळी राइड असते. शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला तर तो गेला. बॉनेट दाबून सोडायची जुनी चाचणी फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते. अर्धा थकलेला तीत पास होतो.

इथे एक तपशील आहे ज्यावर मी दर वेळी अडून बसतो. लोअर आर्मचा बुश हा रबरात घट्ट चिकटवलेला धातूचा नळा असतो. बोल्ट आवळला की आतला नळा पक्का होतो आणि आर्म वरखाली होताना फक्त रबर पिळलं जातं. आता गाडी लिफ्टवर, चाकं खाली लटकलेली, आणि मेकॅनिकने त्याच स्थितीत बोल्ट आवळला तर? गाडी खाली उतरली की रबर आधीच पिळलेल्या अवस्थेत उभं राहतं. ते सतत आर्मला खाली ढकलतं. म्हणजे नकळत एक जादा स्प्रिंग बसली. गाडी थोडी उंच दिसते, छोट्या हादऱ्यांवर कडक लागते, आणि नवा बुश वर्षभरात फाटतो. नवीन बुश टाकल्यावर गाडी आधीपेक्षा कडक झाली अशी तक्रार ऐकली की पहिली शंका याचीच घ्यावी.

उपाय साधा आहे. ते बोल्ट आधी हलके धरायचे, गाडी चाकांवर उभी करायची किंवा आर्मला जॅक लावून नेहमीच्या उंचीवर आणायचं, आणि मग टॉर्क रेंचने शेवटचं आवळायचं. मेकॅनिकला काम सुरू होण्याआधीच आदराने सांगा, "काका, बुशचे बोल्ट गाडी चाकांवर असताना आवळा." चांगला मेकॅनिक समजून घेतो. आधीच चुकीचे आवळलेले असतील तरी तेच बोल्ट ढिले करून पुन्हा आवळता येतात. अर्ध्या तासाचं काम आहे.

बंप स्टॉप, कापलेली स्प्रिंग आणि बफर

शॉकअपच्या दांड्यावर फोमसारख्या लवचिक पदार्थाचा एक तुकडा असतो, तो बंप स्टॉप. सस्पेन्शन पूर्ण दबलं तर धातू धातूवर आपटू नये म्हणून तो असतो. स्पोर्टी गाड्यांत तो लवकर लागू होतो आणि हळूहळू कडक होत जातो, मुद्दामच. अडचण तेव्हा येते जेव्हा गाडी खाली बसवलेली असते. समजा मूळ गाडीत चाकाला वर जायला सत्तर मिलिमीटर जागा होती. लोअरिंग स्प्रिंगने गाडी तीस मिलिमीटर खाली आणली की उरले चाळीस. पाच माणसं बसली की तेही निम्मे संपतात. मग प्रत्येक गतिरोधकावर गाडी स्प्रिंगवर चालत नाही, बंप स्टॉपवर चालते.

त्याहून वाईट म्हणजे वेढा कापलेली स्प्रिंग. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या उलट प्रमाणात असतो. सहा वेढ्यांतला एक कापला तर ती वीस टक्के कडक होते, आणि वर खालीही बसते. दोन्ही बाजूंनी नुकसान. शिवाय कापलेलं टोक आपल्या खोबणीत नीट बसत नाही, तो सुरक्षेचाच प्रश्न आहे. सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि स्प्रिंगचं टोक घासलेलं, काळं पडलेलं दिसलं, तर आधी मूळ स्प्रिंगा परत लावा.

आणि मग ते रबरी बफर. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांत ठोकून बसवायचे पारदर्शक किंवा काळे तुकडे. गाडी उंच होते आणि आरामदायी होते असं सांगून ते विकले जातात. उंच होते हे खरं. पण ज्या वेढ्यांत तो तुकडा बसतो त्यांची हालचाल अडते, आणि हिशोब कापलेल्या स्प्रिंगसारखाच होतो: कमी वेढे, जास्त कडक. राइडची तक्रार घेऊन येणाऱ्या गाडीत बफर सापडले तर ते काढून टाकणं हा सगळ्यात स्वस्त इलाज.

बंप स्टॉपवर गाडी खरोखर किती आपटते हे पाहायचं असेल तर एक साधी युक्ती आहे. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर, धूळ-टोपण वर सारून, एक प्लास्टिकची केबल टाय सैलसर बांधा आणि खाली सरकवा. नेहमीच्या माणसांसह नेहमीचा रस्ता फिरून या. शॉकअप दबताना टाय वर ढकलली जाते आणि तिथेच राहते. ती बंप स्टॉपला जाऊन टेकली असेल तर पुरावा मिळाला. पाहून झालं की टाय कापून काढा.

शॉकअप: इथे मऊ आणि कडक यांचा अर्थ बदलतो

शॉकअपमध्ये तेल असतं, आणि पिस्टन ते तेल बारीक छिद्रांतून ढकलतो. इंजेक्शनची सिरिंज हळू दाबली तर पाणी सहज जातं, जोरात दाबली तर अंगठा दुखतो. नुसत्या छिद्राचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, विरोध चौपट. म्हणून चांगल्या शॉकअपमध्ये छिद्रांवर पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा असतात, ज्या दाब वाढला की वाकून तेलाला वाट देतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. गाडी वळणात झुकते किंवा ब्रेकला नाक घालते तेव्हा पिस्टन मंद हलतो, सेकंदाला दहाएक सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. चाक खड्ड्याच्या कडेला आदळतं तेव्हा तोच पिस्टन सेकंदाला अर्धा-एक मीटर वेगाने पळतो. हे दोन वेग वेगळे असल्यामुळे त्यांच्यासाठी वेगवेगळा कडकपणा ठेवता येतो. उत्तम शॉकअप मंद हालचालीत घट्ट आणि झटक्यात मऊ असतो. त्यामुळे महागडे, स्पोर्टी म्हणवणारे शॉकअप बसवल्यावर गाडी खड्ड्यांवर उलट मऊ झाली असं घडू शकतं, आणि त्यात काही जादू नाही. स्वस्तातले 'कडक' शॉकअप दोन्ही वेगांत कडक असतात. ते घेऊ नका.

दाबताना आणि उघडतानाचा विरोधही सारखा नसतो. साध्या गाडीत उघडताना तो दुप्पट-तिप्पट असतो, कारण दबलेली स्प्रिंग उसळू द्यायची नसते. हा उघडतानाचा विरोध फार वाढला तर एक फसवा प्रकार होतो. पहिल्या उंचवट्यावर चाक वर जातं, पण पुढचा उंचवटा येईपर्यंत पुरतं खाली येत नाही. दुसऱ्यावर ते आणखी दबतं, तिसऱ्यावर आणखी. सलग पट्ट्यांवरून जाताना गाडी दर पट्टीगणिक कडक होत गेल्यासारखी वाटते आणि शेवटी बंप स्टॉपला टेकते. ज्यांच्याकडे फिरकीवाले, म्हणजे बटण फिरवून कडकपणा बदलता येणारे, शॉकअप आहेत त्यांनी हे आधी तपासावं. बहुतेक एका फिरकीच्या शॉकअपमध्ये ती मुख्यतः उघडतानाचा विरोधच बदलते. पूर्ण बंद करून ती किती टिचक्यांवर (फिरवताना होणाऱ्या 'टिक'वर) होती ते लिहून ठेवा, मग मऊ बाजूला दोन टिचक्या, चारही चाकांना, आणि तोच रस्ता पुन्हा.

काही गाड्यांत हे काम बटणावर होतं. मॅग्नेटिक शॉकअप त्यातलाच प्रकार. त्यांच्या तेलात लोहाचे सूक्ष्म कण असतात आणि विजेचा प्रवाह बदलून तेलाचा दाटपणा क्षणार्धात बदलतो. हे पहिल्यांदा २००२ सालच्या कॅडिलॅकमध्ये आलं. अशी गाडी असेल तर शहरात 'कम्फर्ट' मोड वापरा. बरेच जण एकदा 'स्पोर्ट' लावून तो बदलायचं विसरतात.

आणि आता स्प्रिंग

वरचं सगळं नीट असूनही तिसऱ्या चाचणीत गाडी ताठ निघाली, तरच स्प्रिंग. आणि तेव्हाही नुसती मऊ स्प्रिंग टाकून भागत नाही. मऊ स्प्रिंग त्याच खड्ड्यात जास्त दबते. प्रवास तेवढाच असेल तर बंप स्टॉप लवकर गाठते, आणि 'धप्प' वाढतो. जुना शॉकअप कडक स्प्रिंगसाठी बेतलेला असतो, तो मऊ स्प्रिंगला झटपट उघडू देत नाही. म्हणून मऊ स्प्रिंग, तिला जुळणारा शॉकअप आणि योग्य उंचीचा बंप स्टॉप हा एकत्र घ्यायचा संच आहे. तुमच्याच गाडीच्या साध्या मॉडेलचा पूर्ण संच बसत असेल तर तो सगळ्यात शहाणा पर्याय. त्याचं जुळवणीचं काम कंपनीने आधीच केलेलं असतं. फक्त इंजिनचं वजन आणि बसण्याच्या जागा सारख्या आहेत का ते पार्ट नंबरवरून पडताळा.

मागच्या सीटवरच्या आईसाठी फक्त मागच्या स्प्रिंगा मऊ करू नका. ताशी साठला अडीच मीटर अंतर कापायला ०.१५ सेकंद लागतात, म्हणजे पुढचं चाक उंचवट्यावर गेल्यानंतर एवढ्या वेळाने मागचं जातं. पुढचा भाग आधी हलायला लागतो. मागचा थोडा जास्त झपाट्याने हलला तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट वरखाली होऊन थांबते. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ओली या इंजिनिअरने १९३० च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवलं, आणि तेव्हापासून पुढची लय मागच्यापेक्षा मंद ठेवायची रीत पडली. मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा मऊ केली की हे गणित उलटतं. गाडी पुढे-मागे डुलायला लागते, आणि मागे बसणाऱ्याला हादऱ्यांऐवजी मळमळ होते. आईसाठी खरा उपाय म्हणजे मागच्या टायरची हवा स्टिकरच्या हलक्या ओळीवर आणणं, मागचे बुश आणि बंप स्टॉप तपासणं, आणि शक्य असेल तर तिला पुढे बसवणं. गाडीत सगळ्यात कमी हादरे दोन्ही धुऱ्यांच्या मधोमध बसतात, आणि पुढची सीट त्या जागेच्या जवळ असते.

काम करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. टायर आणि शॉकअप एकाच दिवशी बदलले की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. काम सुरू होण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून ठेवा, सपाट जागी, टाकी साधारण तेवढीच भरलेली असताना. स्प्रिंग किंवा आर्मला हात लागला असेल तर व्हील अलाइनमेंट करावंच लागतं, नाहीतर नवे टायर एका बाजूने खाल्ले जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. त्यामुळे कंपनीने त्याच गाडीच्या इतर मॉडेलांना दिलेल्या मापांतच राहिलेलं बरं. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा, आणि बिलं गाडीच्या कागदांसोबत ठेवा. काढलेल्या मूळ स्प्रिंगा आणि रिम विकून टाकू नका. गाडी विकायची वेळ आली की त्याच परत लावता येतात.